दांडीचा नाडा

चिकलठाणा, औरंगाबाद
२० सप्टेंबर १९८१

पुंजाराम,

सलाम. मायची तब्येत आधी कळव, बाकीचं मागाहून.

मळणी यंत्र आज इथून निघालं. परवा सकाळी ट्रकवाला ते सिल्लोडला बाजार समितीच्या फाटकाशी उतरवील. बैलगाडी आणि चौघं जण घेऊन जा. फकिराला नक्की ने, त्याच्या एकट्याच्या अंगात तिघांचं बळ आहे.

गेल्या हंगामात भाड्याच्या मळणी यंत्रांनी आपल्या शिवारात तीन जणांचे हात नेले. तू त्यांची नावं मला लिहून पाठवली होतीस आणि खाली लिहिलं होतंस, 'तू एवढा मोठा फिटर, तुझा काय उपयोग?' तो कागद मी हत्यारांच्या पेटीत ठेवला. वर्षभर पेटी उघडली की आधी तोच दिसायचा. तुझा रागही आला, खोटं कशाला बोलू.

आता नीट वाच. कणसं सारताना हात ज्या तोंडातून आत जातो, तिथं मी एक आडवी दांडी टांगली आहे. हात हवा त्याहून आत ओढला गेला की दंड दांडीला लागतो, दांडी चार बोटं मागे सरते, इंजिनाचा पट्टा खाली पडतो आणि आत फिरणाऱ्या ढोलावर अटकण बसते. ढोल जागच्या जागी थांबतो. सहा महिने डोकं खाजवलं तेव्हा एवढं निघालं. दांडीला मुद्दाम लाल रंग दिला आहे, म्हणजे सगळ्यांचं लक्ष राहील.

हे सगळं सुटीनंतर, कारखान्यातल्या भंगारातून केलं. आमचे मालक नानासाहेब यांनी परवानगी दिली, पण हसून दिली. आमच्याकडे यंत्रं बनतात ती परदेशी नकाशावर. पंधरा वर्षं झाली, आमच्या हातांनी नवं काही म्हणून काढलेलं नाही. नकाशा त्यांचा, हात आमचे. आपल्या देशातला माणूस नुसता हात म्हणूनच जन्माला येतो का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधी एक हंगाम चालवून दाखव, मग बोल."

तेव्हा माझी इज्जत तुझ्या खळ्यावर आहे. दसऱ्यानंतर मळणी होईल तसं सगळं कळव, चांगलं आणि वाईट दोन्ही.

तुझा,
कमरोद्दीन

---

मळा, ता. सिल्लोड
४ ऑक्टोबर १९८१

फिटरसाहेब कमरू यांस पुंजारामचा रामराम.

माय ठणठणीत आहे. तुझं यंत्र बघून म्हणाली, "माझ्या कोठ्यात जन्मलेलं पोरगं यंत्रं बनवाया लागलं बग." पोलीस ॲक्शनच्या साली तुझ्या आईला तिनं गुरांच्या कोठ्यात लपवलं आणि तू तिथंच झालास, ही गोष्ट तिनं जमलेल्या सगळ्यांना पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितली. यंत्र राहिलं बाजूला, लोक तीच ऐकत बसले.

काल इंजिन जोडून बघितलं. फकिरानं बाभळीचं लाकूड दांडीवर दाबलं, पट्टा धपकन खाली आणि ढोल गप्प. लोकांनी पाच वेळा करायला लावलं. शेवटी मी ओरडलो, अरे तमाशा आहे का हा!

सारायला भागूच बसणार. तिच्यासारखा हात गावात कुणाचा चालत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती बसूही देणार नाही. ती यंत्राभोवती तीनदा फिरली, तोंडात वाकून बघितलं आणि म्हणाली, "भावजींनी सगळं केलं, पण सारणारीला इचारलं नाय." मी म्हणालो, तुला काय विचारायचं, तू काय फिटर आहेस? त्यावर दोन दिवस मला वाढताना भाकरी आपटत होती.

तीन दिवसांनी खंडेनवमी. नांगर, विळे, मोट यांच्यासोबत यंत्राचीही पूजा करू. माय म्हणते, कमरूनं शेंदूर लावूनच पाठवलंय, आपल्याला वेगळा लावायची गरज नाही. दसऱ्याला लागूनच यंदा तुमची बकरी ईद, म्हणून तुला बोलावत नाही.

आणि देशाचं एवढं मनावर घेऊ नकोस. देश तू बघ, खळं मी बघतो.

पुंजाराम

---

चिकलठाणा
१८ ऑक्टोबर १९८१

पुंजाराम,

दसरा होऊन दहा दिवस झाले. ज्वारी खळ्यावर येऊन पडली असेल. तुझ्याकडून एक ओळ नाही.

नानासाहेब रोज विचारतात. काल सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मास्तर, तुमच्या मित्राचं पत्र पायी निघालंय का?" लोक हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मेहरुन्निसा म्हणाली, "खळ्याची कामं असतात, लिहायला वेळ कुठला?" तसंच असेल.

दांडी नीट काम करते आहे का? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर कार्डावर लिहून टाक. घाई आहे. का ते नंतर सांगेन.

कमरोद्दीन

---

मळा, ता. सिल्लोड
३० ऑक्टोबर १९८१

कमरूस रामराम.

पत्राला उशीर झाला. दिवाळी होती, कामं होती.

मळणी उरकली. यंत्र चांगलं चाललं. दाणा फुटत नाही, भुसा वेगळा पडतो. दांडी व्यवस्थित आहे.

सारताना एका बाईला थोडं खरचटलं. तिच्याच चुकीनं. तुझ्या यंत्राचा त्यात दोष नाही. बाकी काही विशेष नाही.

भागू सध्या माहेरी सोयगावला आहे. माय तुझी आठवण काढते. थंडी पडायला लागली.

पुंजाराम

---

चिकलठाणा
९ नोव्हेंबर १९८१

पुंजाराम, दोस्ता,

तुझं पत्र आलं आणि मी ते कारखान्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. 'दांडी व्यवस्थित आहे' हे वाक्य तर दोनदा. खरचटल्याचं वाचलं नाही, तेवढी लबाडी केली. पत्र नानासाहेबांनी मागून ठेवून घेतलं.

आता तुला खरं सांगतो. मी दसऱ्याआधीच दांडीचा नकाशा नानासाहेबांना देऊन टाकला होता. त्यांनी तुझ्या पत्राची वाट न पाहता काम सुरू केलं होतं आणि मीही नको म्हटलं नाही. चाळीस यंत्रं तयार होत आहेत. चाळीस! सिल्लोड, सोयगाव, पैठण, पार जालन्यापर्यंत मागणी आहे. एक डिसेंबरला ट्रक निघतील आणि रब्बीच्या मळणीला चाळीस खळ्यांवर आपली दांडी असेल. म्हणून मी एवढा उतावीळ झालो होतो. तुझं पत्र वाईट आलं असतं तर काय केलं असतं, हा विचार करायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

तू म्हणतोस देशाचं मनावर घेऊ नको. कसं न घेऊ? आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे नकाशाचं भाडं समुद्रापार जातं. लोखंड आपलं, घाम आपला, विकत घेणारा शेतकरी आपला. तरी तिकडचा माणूस खुर्चीवर बसून श्रीमंत होतो, कारण विचार त्याचा आहे. आपण जन्मभर कष्ट करून गरीब राहतो ते कष्ट कमी पडतात म्हणून नाही. आपल्या अडचणीवर आपण डोकं चालवत नाही, दुसऱ्यानं त्याच्या अडचणीवर चालवलेलं डोकं विकत आणतो. आमच्या शेडच्या इतिहासात या चाळीस यंत्रांचा नकाशा पहिल्यांदा इथं काढला गेला. तोही तुमच्या गुरांच्या कोठ्यात जन्मलेल्या माणसानं. मायला हे जरूर वाचून दाखव.

वहिनी माहेराहून आल्या का? यंत्राच्या तोंडात वाकून बघणाऱ्या बाईला सांग, पुढच्या वेळी विचारीन.

तुझा,
कमरोद्दीन

---

मळा
२१ नोव्हेंबर

कमरोद्दीन भावजींना भागूबाईचा नमस्कार.

अक्षर वाईट आहे. डाव्या हातानं लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले ते उजव्या हातानं, त्यामुळं एका ओळीला लई वेळ लागतो. थांबत थांबत चार दिवस लिहिलं.

मी माहेरी गेले नव्हते. जळगावला दवाखान्यात होते. औरंगाबादला नेलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून यांनी जळगावला नेलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा यांनी मायला वाचून दाखवायला घेतलं आणि चाळीस यंत्रांवर आल्यावर थांबले. मग पत्र कणगीत लपवलं. मी काढून वाचलं. यांना विचारलं, कधी कळवणार? म्हणाले, "कमरूचं सगळं बुडंल." मी म्हणाले, चाळीस बाया बसणार आहेत त्या तोंडाशी. तर उठून बाहेर गेले.

झालं ते सांगते. खंडेनवमीला मी यंत्राची पूजा केली. झेंडूची माळ घातली आणि दांडीला नाडा बांधला, नऊ वेढे, शेजारच्या खांबासकट. शेंदरासारखी लाल होती ती दांडी. सगळ्या यंत्रात तीच एक देवासारखी दिसत होती, मग नाडा दुसरीकडं कुठं बांधणार? पूजेचा नाडा आपण तोडत नाही, आपोआप गळू देतो, तुम्ही लहानपणापासून बघितलं आहे. दसऱ्यानंतर मळणीला बसले. ज्वारीच्या ओल्या ताटाला हात अडकला, आत गेला. मी दांडीवर पडले, सगळं अंग टाकलं. दांडी हलली नाही. फकिरानं काठीनं पट्टा पाडला म्हणून हात तरी राहिला.

नाडा मीच बांधला. तुम्ही म्हणाल, अडाणी बाई. म्हणा. पण लाल रंग तुम्ही दिला. आणि नाडा काय माझ्या एकटीच्या घरात आहे का? पुढच्या खंडेनवमीला चाळीस घरांत बांधतील.

दवाखान्यात पडल्या पडल्या विचार केला. हात अडकला तर यंत्र थांबवायचं, हे तुमचं. माझं म्हणणं, हात पोचूच देऊ नका. जात्यात आपण हात घालतो का? मूठ वरून सोडतो, दाणा आपसूक आत जातो. तसं लांब आणि उतरतं तोंड करा. मागच्या घासानं पुढचा घास ढकलला जाईल. तोंड वरून झाका.

किती लांब ते विचाराल. गावात सगळ्यात लांब हात फकिराचा. त्याला उभा करून मायनं काखेपासून बोटापर्यंत मापलं. सोबत पाठवते. पहिल्या गाठीपर्यंत फकिराचा हात, पुढं दुसऱ्या गाठीपर्यंत एक वीत जास्तीची.

तोच नाडा आहे. धुतला आहे.

भागू

---

चिकलठाणा
२८ नोव्हेंबर १९८१

पुंजाराम,

तुला काय लिहू? 'दांडी व्यवस्थित आहे.' व्यवस्थितच होती ती. तुझ्या बायकोची बोटं गेली तेव्हा जागची हललीसुद्धा नाही.

माझं बुडेल म्हणून तू गप्प राहिलास म्हणे. तुझ्या मायनं मला कोठ्यात वाचवलं ते असं जपायला? तू मला दीड महिना आंधळा ठेवलास आणि त्या आंधळेपणात मी चाळीस खळ्यांसाठी चाळीस दांड्या घडवल्या, लाल रंगाच्या. वहिनींचं पत्र हातात घेऊन मी भट्टीजवळ बसून राहिलो. लोकांना वाटलं चक्कर आली.

पण शिव्या तुलाच देऊन मोकळा होणार नाही. वहिनींनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, सारणारीला विचारलं नाही. तू ते मला गंमत म्हणून लिहिलंस, मी गंमत म्हणून वाचलं. मी यंत्र केलं ते ढोलाकडे बघून, पट्ट्याकडे बघून. ज्याच्यासाठी केलं त्या हाताकडे बघितलंच नाही. परदेशी नकाशावाल्यांना मी नावं ठेवत होतो की त्यांना आपली खळी माहीत नाहीत. मला तरी कुठं आठवली?

नानासाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वाईट झालं, पण ट्रक थांबणार नाहीत. पत्रक छापू, 'दांडीस काहीही बांधू नये.' मी म्हणालो, साहेब, पत्रक वाचणारा सारायला बसत नाही आणि सारायला बसते तिला कुणी पत्रक देत नाही. ते चिडले. "एका बाईच्या धाग्यासाठी मी चाळीस यंत्रं मोडू?"

मग मी काय केलं ते ऐक. प्रत्येक यंत्रात पट्ट्याचं चाक ढोलाच्या दांड्यावर बोटाएवढ्या लोखंडी खुंटीनं पक्कं बसतं. त्या खुंट्या मीच हातानं घडवतो, दुसऱ्या कुणाला तशा जमत नाहीत. खुंटी नसेल तर चाक नुसतं फिरतं, ढोल हलत नाही. काल दुपारच्या सुटीत मी चाळीसच्या चाळीस खुंट्या काढल्या आणि जेवणाच्या डब्यात भरून घरी आणल्या. आज सकाळी नानासाहेबांना जाऊन तसं सांगितलं. मला कामावरून बंद केलं आहे. सोमवारपर्यंत खुंट्या दिल्या नाहीत तर पोलिसात चोरीची फिर्याद देणार आहेत.

डबा समोर फळीवर आहे. मेहरुन्निसा दुसऱ्या डब्यात जेवण बांधते आहे, काम बंद असलं तरी सवयीनं.

वहिनींना सांग, नाडा पोचला.

कमरोद्दीन

---

मळा, ता. सिल्लोड
२ डिसेंबर १९८१

कमरू,

तुझं पत्र मी मायसमोर आणि भागूसमोर मोठ्यानं वाचलं, एकही ओळ न गाळता. माय म्हणाली, "म्या लपवून त्याला वाचवलं. तू लपवून त्याला गाडलंस." तिच्याकडं बघवलं नाही.

मी भित्रा आहे, कमरू. मला वाटलं, हंगाम तर संपला, भागूचं नशीब, आता तुझं कशाला मोडायचं? आणि आणखी एक होतं. नाडा तिनं बांधला होता. कळलं असतं तर गावानं तिलाच बोल लावला असता. चाळीस यंत्रांचं मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर तरी लिहायला हवं होतं. तेव्हाही हात उचलला नाही. तिनं डाव्या हातानं लिहिलं आणि मी दोन्ही हात धड असून बसून राहिलो.

पोलीस आले का? डबा अजून तुझ्याकडं आहे का? फकिरा म्हणतो, "गरज पडली तर म्या येतो." मी पण येतो. काय करायचं ते फक्त सांग.

पुंजाराम

---

शहागंज, औरंगाबाद
१४ डिसेंबर १९८१

पुंजाराम,

पोलीस आले नाहीत. नानासाहेब स्वतः आले. पहिल्यांदाच माझ्या घरी. डब्याकडे बघत चहा प्यायले. दोन गिऱ्हाइकांनी यंत्र उचलायला माणसं पाठवली होती आणि चाक नुसतं गरगर फिरताना पाहून ती परत गेली, म्हणून नाइलाजानं आले होते. तरी आले.

मी नाडा दाखवला. त्यांनी तो टेबलावर ताणून बघितला आणि म्हणाले, "एवढं लांब तोंड? काम अर्ध्यावर येईल. शेतकरी घेणार नाही." मी म्हणालो, शेतकऱ्यालाच विचारू. तेव्हा ठरलं ते असं. वीस तारखेला सिल्लोडला बाजार समितीच्या आवारात गिऱ्हाइकांसमोर दोन यंत्रं लावायची. एक दांडीचं, एक लांब तोंडाचं. दोन्हींवर तेवढ्याच पेंढ्या. लोक जे मागतील ते चाळीसांना बसवायचं. लोकांनी दांडी मागितली तर मी खुंट्या मुकाट्यानं द्यायच्या आणि पुन्हा कारखान्यात पाय ठेवायचा नाही. त्या दिवशी मी आवारात यायचं नाही, ही अटही आहे.

मी हो म्हटलं. आता वाटतं, हो कसं म्हणालो? लोकांनी खरंच दांडी मागितली तर?

शहागंजात एका वेल्डिंगवाल्याकडे लांब तोंड तयार केलं आहे. नाडा पत्र्यावर ठेवून गाठीवर खूण केली आणि कापलं. सतरा तारखेच्या एसटीच्या टपावर टाकतो, सिल्लोडला उतरवून घे. ते तुझ्याच यंत्राला बसव; एक खुंटीही पाठवतो, ती नानासाहेब आणतील त्या दांडीच्या यंत्राला. चालवायचं कसं ते मी सांगणार नाही. वहिनी सांगतील.

कमरोद्दीन

---

सिल्लोड
२० डिसेंबर १९८१

कमरू,

आवारातून बाहेर पडून इथंच हॉटेलात बसून लिहितो आहे. अक्षर घाईचं आहे, सांभाळून वाच.

शंभरेक माणूस जमलं होतं. नानासाहेब घड्याळ घेऊन उभे. आधी दांडीचं यंत्र चाललं, भाड्याचे दोन गडी सारायला. झपाझप काम. मग आपलं. भागू बसली, डाव्या हातानं. उजवा पदराखाली. पहिल्या चार घासांना अडखळली. मग लय सापडली. मूठ सोडायची, वरून दुसरी, पहिली आपसूक आत. तरी शेवटी आपलं मागंच राहिलं. थोडंच, पण मागं. गर्दीतून कुणी म्हणालं, "तोंड लांब, काम कमी." हशा झाला.

तेव्हा नानासाहेबांनी खिशातून कागद काढला. माझंच पत्र, कमरू. तीस ऑक्टोबरचं. म्हणाले, "हा बघा, याच तालुक्यातला शेतकरी काय लिहितो. हंगामभर दांडीचं यंत्र चालवलंय त्यानं." आणि वाचलं, 'दांडी व्यवस्थित आहे.'

भागूनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं गेलो आणि म्हणालो, "साहेब, ते पत्र मी लिवलंय. ते खोटं हाय." मग बोलत सुटलो. नाडा, नऊ वेढे, जळगाव, सगळं. रडलो पण. लोकांसमोर रडायची लाज वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही.

नानासाहेब म्हणाले, "पण हे लांब तोंड तरी सुरक्षित कशावरून? हंगाम कुठं झालाय याचा?"

तेवढ्यात भागू म्हणाली, "फकिरा, इंजिन चालू कर."

आधी वाटलं, पुन्हा सारून दाखवते आहे. ढोल घुमायला लागला आणि तिनं पदर बाजूला केला. तीन बोटं नसलेला हात सगळ्यांनी बघितला. मग तिनं तोच हात यंत्राच्या तोंडात घातला. कोपर गेलं. दंड गेला. काखेपर्यंत गेला, गाल पत्र्याला टेकला. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. दोघांनी मला धरलं होतं. फकिरा पट्ट्याशी काठी उगारून उभा. ती तशीच राहिली. मला वाटलं, वर्ष गेलं.

मग हात बाहेर काढला, वर केला, सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हणाली, "वारा लागला नुसता. दुसरं काय नाय."

एक बाई गर्दीतून पुढं आली. पैठणकडची असावी. तिनं भागूचा हात हातात घेतला, बघितला आणि शेजारी उभ्या नवऱ्याला म्हणाली, "लांब तोंडाचं घ्यायचं. नायतर म्या बसायची नाय." त्यानं मान डोलावली. मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. थोडं मागं पडतं म्हणून मघाशी हसणारेच आता घाई करत होते, आपलं नाव आधी लिहा म्हणून.

नानासाहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. जाताना माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, उद्या डबा घेऊन कामावर ये." यंत्रावर नाव कारखान्याचंच राहणार, हेही सांगून गेले. राहू दे. आपल्याला ठाऊक आहे.

भागू शेजारी बसून चहा पिते आहे, डाव्या हातानं. बशीत सांडतो आहे आणि हसते आहे. मला अजून हसू येत नाही. तू मला माफ केलंस का, ते एका ओळीत लिही.

पुंजाराम

---

मळा, ता. सिल्लोड
१८ ऑक्टोबर १९८२

कमरूस रामराम.

माफीची एक ओळ मागितली होती; तू माझ्या विहिरीची नवी मोटार जोडायला स्वतःच आलास, तेव्हा उत्तर पोचलं. आता या पत्राला मात्र लिहूनच उत्तर दे, कारण भागूला कागदावर हवं आहे.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी. माय म्हणते, यंत्राची पूजा यंदाही झाली पाहिजे, ते घरातलं आहे. भागू गेल्या चार दिवसांपासून यंत्राभोवती फिरते आहे. नाडा आणून ठेवला आहे, पण बांधायला धजत नाही. मी म्हणालो, चाकाला बांध. ती म्हणाली, "भावजींना इचार. ह्या वक्ताला बिनइचारता नको."

कुठं बांधू, विचारते आहे.

पुंजाराम

---

चिकलठाणा, औरंगाबाद
२२ ऑक्टोबर १९८२

भागूवहिनी,

हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे, पुंजारामनं मोठ्यानं वाचावं.

आता इथं नवा नकाशा झाला की साहेब लोकांनी सही करण्याआधी आम्ही सारणाऱ्या दोन बायकांना बोलावतो आणि यंत्रासमोर बसवतो. त्या बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम केला आहे. गेल्या महिन्यात एकीनं आमचा चार महिन्यांचा नकाशा एका वाक्यात मोडला. नानासाहेब तिच्या पुढ्यात उभे राहून ऐकत होते. तुमची आठवण झाली.

तुमचा नाडा माझ्या पेटीत आहे, पुंजारामनं पाठवलेल्या त्या तीन नावांच्या कागदाजवळ. प्रत्येक यंत्राचं तोंड कापायच्या आधी आम्ही तो पत्र्यावर ताणतो. पट्टी आहे, माप लिहूनही ठेवलं आहे, तरी ताणतो.

यंदाचा नाडा तुम्हाला वाटेल तिथं बांधा, वहिनी. नऊ वेढे द्या, हवे तर अठरा द्या. त्यानं अडेल असं आता या यंत्रात काही ठेवलेलं नाही.

तुमचा भावजी,
कमरोद्दीन